चौकटीखालची खाण

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर खाण लटकते. म्हणजे खाणीचं चित्र. पण घरात त्याला चित्र असं कुणी म्हटलंच नाही. "खाण पुसून घे गं", "खाण वाकडी झालीय", असंच आमचं बोलणं. खरी खाण खिडकीतून दिसते, पण तिच्यात आता बघण्यासारखं काय राहिलंय! कड्याच्या टोकाशी छप्पर उडालेलं इंजिनघर, आत कावळ्यांची घरटी. पंप भंगारात गेले आणि खालचे बोगदे समुद्राने भरून टाकले. भिंतीवरची खाण मात्र अजून धूर सोडते. सकाळचं ऊन तिच्यावर आलं की धुराड्याचा धूर सरकल्यासारखा वाटतो. धुक्याच्या दिवसांत भिंतीला ओल येते, कापड फुगतं, आणि मग चित्रातला समुद्र हळूहळू वरखाली होतो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हसायचं असेल त्याने खुशाल हसावं.

चित्र काढलं ते दूरच्या शहरातून आलेल्या एका चित्रकाराने. मी तेव्हा खाणीवर दगड फोडायचे. हो, आमच्याकडे बायकाच फोडायच्या. पुरुषांनी खालून दगड काढायचा आणि आम्ही वर बसून हातोडीने त्याचा चुरा करायचा, त्यातलं कथील वेगळं काढायला. माझे दंड बघून आमच्या पोर्थमेल गावातले पुरुष अजून वाट सोडतात. तर हे साहेब एक उन्हाळाभर आमच्याकडे राहायला होते. कड्यावर छत्री उघडून बसायचे. वाऱ्याने छत्री समुद्रात नेली, तर दुसरी आणली, तीही नेली, तरी गडी शहाणा झाला नाही. जाताना चित्र आईच्या हातात ठेवून म्हणाले, "समुद्र बिघडलाय माझ्या हातून. तुम्हीच ठेवा." आईला समुद्रात काही बिघडलेलं दिसेना. तिने चूल आणि दार यांच्यामधल्या भिंतीत खिळा ठोकला आणि चित्र लटकवून टाकलं.

त्या चित्रात माणूस एकही नाही. फक्त खालच्या इंजिनघरापासून वर येणाऱ्या वाटेवर एक लाल ठिपका आहे, गव्हाच्या दाण्याएवढा. तो कसा पडला ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी शेजारीच उभी होते. आमच्या अंगणात शेवटचा हात फिरवताना साहेबांनी ब्रश झटकला. मी ओरडले, "अहो, थेंब उडाला ना!" त्यांनी मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "राहू दे. होईल कुणीतरी माणूस."

आणि झालाच की मेला माणूस!

खाण बंद पडली तेव्हा गावातले निम्मे पुरुष परदेशी गेले. कुणी अमेरिकेला, कुणी ऑस्ट्रेलियाला. माझा धाकटा भाऊ पास्को गेला आफ्रिकेला, जोहान्सबर्गकडे, सोन्याच्या खाणीत. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि त्याच्या बायकोला, लव्हडेला, दिवस गेलेले. "पोर चालायला लागायच्या आत येतो," असं सांगून गेला. पोर चालायला लागली, बोलायला लागली, शाळेतसुद्धा जायला लागली. मध्ये तिकडे लढाई झाली, ती संपली. पत्रं यायची. फोटो तरी काढून पाठव म्हटलं, तर म्हणे, "फोटोत मी चोरासारखा दिसतो." काय बोलायचं अशा माणसापुढे!

पोरीचं नाव एम्ब्लिन. तिने एक दिवस विचारलं, "माझे बाबा कुठे आहेत?" लव्हडेचे हात पिठात होते, चुलीवर दूध उतू चाललं होतं. तिने वैतागून पिठाचं बोट चित्राकडे केलं. "ते काय, तिथे. वाटेवर आहेत. येतायत."

"ते लाल?"

"हो. लाल रुमाल आहे त्यांच्या गळ्यात."

मी म्हटलं, "लव्हडे, काय वाट्टेल ते सांगतेस पोरीला! रंगाचा शिंतोडा आहे तो."

"मग काय सांगू? आफ्रिका दाखवू तिला?" लव्हडे माझ्यावरच उसळली. "शेजारणी काय दाखवतात पोरांना? कुणाचा बाप नकाशात आहे, कुणाचा जहाजाच्या चित्रात. माझ्या पोरीला ठिपका तरी आहे."

मी वाद सोडला आणि उतू गेलेलं दूध पुसायला घेतलं. माझ्या बाबतीत असं फार वेळा होत नाही.

झालं. पोरीने त्या ठिपक्याशी संसार मांडला म्हणा ना. सकाळी उठली की तिचं छोटं स्टूल चित्राखाली. "बाबा, आज थंडी आहे. बाबा, कोंबडीने अंडं घातलं. बाबा, आत्या माझ्यावर ओरडली." माझ्या चहाड्यासुद्धा! धुकं आत शिरलं की बाहीने ठिपका पुसायची, वाट दिसावी म्हणून. एकदा मला विचारलं, "आत्या, ते इतके हळू का चालतात?" मी म्हटलं, "चढ आहे ना बाळा." बघा, मीही सामील झाले. करते काय? ती वर बघून बोलायला लागली की त्या वाटेवर खरंच कुणीतरी पावलं टाकतंय असं मलाही वाटायचं. चुलीशी बसल्याबसल्या माझा डोळा लागायचा, आणि उघडला की मी आधी बघायचे, ठिपका पुढे सरकला का.

पास्को आला तो भर दुपारी. धुकं असं दाट की अंगणातल्या कोंबड्या एकमेकींवर आपटत होत्या. दारात उभा असलेला माणूस मला आधी ओळखूच आला नाही. ज्याला मी कडेवर घेऊन वाढवला तो माझा भाऊ! कोट होता, टोपी होती, आतला माणूस कुठे गेला कोण जाणे. लव्हडेने पिठाच्या हातांनीच त्याच्या गळ्याला मिठी मारली. तो खोकायला लागला आणि खोकतच राहिला. मग भिंतीला धरून पोरीसमोर गुडघे टेकून बसला.

"ओळखलंस का मला?"

एम्ब्लिनने त्याच्याकडे बघितलं. संस्कार चांगले आहेत पोरीवर. "नाही. पण तुम्ही बसा ना. आई, पाहुणे आलेत."

"अगं, बाबा आहेत तुझे!" लव्हडे हसत-रडत म्हणाली.

पोरीने मान वळवून चित्राकडे बघितलं. ठिपका होता तिथेच होता. "नाही आई. ते अजून पोचले नाहीत."

लव्हडेने डोळ्यांनी खुणा केल्या, मी घसा खाकरला, पण छे! आमचा पास्को जन्मात कधी खोटं बोललेला नाही, आणि त्याचा त्रास नेहमी दुसऱ्यांना. तो उठून चित्रापाशी गेला, ठिपका निरखला. "हा होय? हा मी नव्हे, पोरी. या खाणीवर असताना मी उजेडात कधी वर नसायचोच. साहेब कड्यावर बसून चित्र काढायचे तेव्हा मी..." त्याने बोट समुद्रावर ठेवलं, ते खाली आणलं, चौकटीच्या लाकडावरून आणखी खाली घसरवत आणलं आणि उघड्या भिंतीवर टेकवलं. "...इथे होतो. समुद्राच्या खाली."

"तिथे तर भिंत आहे."

"हो. साहेबांचं कापडच संपलं ना तिथे."

पोरीचा चेहरा पांढरा पडला. ती तडक कोंबड्यांकडे निघून गेली. लव्हडेने हातातलं फडकं आपटलं. "आल्या पावली पोरीचा बाप मारलास, पास्को!"

डॉक्टर येऊन गेले. तिकडे यंत्राने कोरडा दगड फोडतात, त्याची धूळ छातीत जाऊन बसते, तिचं आत दगडासारखं होतं. अशी माणसं आमच्या गावात आधीही परत आली होती, त्यामुळे डॉक्टरांना फार समजवावं लागलं नाही. आताचा हिवाळा काढेल, पुढचा नाही, म्हणाले. पास्कोला हे बोटीवरच कळलं होतं. तो मला अंगणातल्या बाकावर बसून म्हणाला, "केझी, मला बाकी कसली हाव नाही राहिली. तिने एकदा मला बाबा म्हणावं. एकदाच. मग मी मोकळा."

"मोकळा कसला होतोस? गप सूप पी."

"पाहुणे म्हणते गं ती मला. काल म्हणाली, आई, पाहुण्यांना साखर जास्त लागते." तो हसला, आणि हसताहसता त्याचे डोळे भरले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर हाताला नुसती हाडं लागली.

त्या हिवाळ्यात त्याची खुर्ची चुलीशी आली, म्हणजे चित्राच्या भिंतीला लागूनच. दिवसभर बसून काय करणार माणूस? एक दिवस त्याने चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि चौकटीच्या खालच्या लाकडापासून, बरोबर इंजिनघराखालून, भिंतीवर दोन उभ्या रेघा ओढल्या. मग त्यांच्यात आडव्या रेघा. शिडी झाली. लव्हडे ओरडणार होती, माझी चुना दिलेली भिंत म्हणून, पण मी तिचा हात दाबला. एम्ब्लिन पलीकडे लोकर गुंडाळत बसली होती. तिने बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी शिडीखाली आणखी शिडी आली. तिच्यापासून एक बोगदा निघाला, तो डावीकडे, समुद्राखाली, पार पिठाच्या डब्यामागे गेला.

"हे काय आहे?" एम्ब्लिनने विचारलं, लोकरीकडेच बघत.

"साहेबांना दिसलं नाही ते," पास्को म्हणाला.

मग काय! ती रोज शाळेतून येऊन स्टूल घेऊन भिंतीशी बसायची, हा मागून खुर्चीतून सांगायचा. आवाज बारीक, मध्ये मध्ये थांबणारा. टोपीवर ओल्या मातीच्या गोळ्यात मेणबत्ती खोचून कसं उतरायचं. खाली किती गरम, की माणसं उघड्या अंगाने काम करतात. वादळ झालं की डोक्यावर समुद्राच्या तळाशी धोंडे कसे गडगडत जातात, आणि मेणबत्त्या घेऊन माणसं नुसती वर बघत कशी उभी राहतात. एके ठिकाणी कथिलाचा पट्टा वर वर जात होता. त्याच्या मागे लागून ते इतके वर गेले की दगडाला भोक पडलं आणि खारं पाणी तोंडावर आलं. मग लाकडाचं बूच केलं आणि माती लावून ठोकून बसवलं.

"समुद्राला बूच मारलं?"

"मारलं."

"मग वरच्या माशांना तुमची ठोकाठोकी ऐकू आली असेल?"

पास्कोला हे कधी सुचलंच नव्हतं. "आली असणार," म्हणाला, आणि बुचाच्या वर एक मासा काढला, कान टवकारलेला. माशाला कान! त्या दोघांना त्यात काही खटकलं नाही.

बोगद्यांत टकटके आले. टकटके म्हणजे खाणीत राहणारे बुटके म्हातारे. ते आतून भिंतीला ठोके देतात, माल कुठे आहे ते सांगतात, आणि त्यांच्यासाठी आपल्या पेस्टीचा, म्हणजे मटण-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीचा, काठ ठेवला नाही तर खोड्या काढतात. एम्ब्लिन भिंतीच्या बुडाशी पेस्टीचे तुकडे ठेवायला लागली. तुकडे नाहीसे व्हायचे. लव्हडे कपाळाला हात लावून म्हणायची, "टकटके नव्हेत, उंदीर आहेत! घर पोखरतील!" पण बादली उचलताना तीही त्या भिंतीला धक्का लागू द्यायची नाही. मी तर तिथून जाताना पाय हलके टाकायचे. किटलीची वाफ भिंतीवर चढायची, कोळशाच्या रेघा ओलसर व्हायच्या, आणि घरात खाणीतल्यासारखा मेणाचा, ओल्या दगडाचा वास यायचा. समुद्र तर खिडकीबाहेर होता, पण मला तो पायांखाली आणि डोक्यावर दोन्हीकडे वाटायचा. त्या हिवाळ्यात आम्ही चौघंही अर्धीमुर्धी खालीच राहत होतो.

मग पास्कोने एक दिवस मातीचा एवढासा गोळा केला, त्यात काडीचा तुकडा खोचला आणि सगळ्यात खालच्या शिडीच्या पायथ्याशी चिकटवला.

"हा कोण?"

"हा मी. काम संपलंय. आता गवतावर निघालोय."

खाणीतून वर येण्याला आमच्याकडे गवतावर येणं म्हणतात. वर आलं की पहिलं गवतच दिसतं ना. एम्ब्लिनने मान हलवली. तेव्हापासून रोज चहाच्या वेळी ती गोळा हलक्या हाताने काढायची, एक पायरी वर चिकटवायची आणि अंगठ्याने दाबायची. मी मनात म्हटलं, चला, जमलं. पास्कोच्या गालांवरसुद्धा थोडा रंग आला होता.

कपाळ माझं!

एका संध्याकाळी मी पाणी घेऊन दारात आले तर आतून पोरीचा आवाज: "बाबा, थांबा जरा. दम घ्या. घाई नाहीये."

मी उंबऱ्यातच थांबले. खुर्चीत पास्को पुढे झुकून ऐकत होता. काय उजळला होता त्याचा चेहरा! लहानपणी मी त्याला खाऊ द्यायचे तेव्हा असा व्हायचा. मग मला दिसलं. पोरीची त्याच्याकडे पाठ होती. ती मातीच्या गोळ्याशी बोलत होती, बोटाने त्याला आधार देऊन. पास्कोलाही कळलं. त्याला खोकल्याची उबळ आली, आणि पोर मागे न वळताच म्हणाली, "पाहुणे, हळू. बाबांचा पाय घसरेल."

मी पाण्याची बादली बाहेरच ठेवली आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन रडून घेतलं.

ईस्टरच्या आधी आमच्याकडे स्वयंपाकघराला चुना देतात. लव्हडेने बादलीत चुना कालवला, तीन भिंती उरकल्या आणि चौथीशी येऊन ब्रश खाली ठेवला. "ही राहू दे अशीच."

"हीसुद्धा घे," खुर्चीतून पास्को म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुझं? एवढी एकच गोष्ट राहणार आहे पोरीजवळ तुझी!"

"म्हणूनच."

तो थांबत थांबत बोलत होता, पण आवाज ठाम होता. "आधी तो ठिपका होता. आता गोळा आहे. मी गेल्यावर ती याच भिंतीशी बोलत बसेल, लव्हडे. जन्मभर. आणि मी इथे, तिच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर बसलोय. तोवर तिने माझ्याकडे बघावं एवढंच म्हणतोय मी."

"आणि नाहीच बघितलं तर?" लव्हडेचा आवाज चिरकला. "राग धरला तर? तिचा राग काढायला तुझ्याकडे वेळ आहे का रे?"

"नाही. म्हणून आजच."

मी म्हटलं, "मग पोर शाळेतून यायच्या आत उरकून टाकू. दे इकडे ब्रश."

"नाही केझी. तिच्या पाठीमागे केलं तर ती चोरी होईल. ती येऊ दे. आणि मीच करणार."

ती आली तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता, हातात चुन्याचा ब्रश. तिने दप्तर टाकलं. "पाहुणे, काय करताय?"

"भिंत पुसतोय, पोरी."

"तिथे बाबा आहेत!"

"नाहीत," तो म्हणाला आणि ब्रश फिरवला.

कान असलेला मासा गेला. बूच गेलं. पोर किंचाळत धावली, त्याच्या कोपराला लोंबकळली, पण तो ओढत राहिला, धापा टाकत, एक एक पट्टा. टकटके गेले, बोगदे गेले. वरच्या शिडीवर पोचलेला गोळा ओल्या चुन्याने सुटला आणि बादलीत पडला. अगदी थोड्या पायऱ्या राहिल्या होत्या हो! एम्ब्लिन बादलीत बघत उभी राहिली. गोळा विरघळून गेला होता.

मग ती वळली आणि दोन्ही मुठींनी त्याला मारायला लागली. पोटावर, हातांवर, लागेल तिथे. "दुष्ट आहात तुम्ही! ते येत होते! थोडंच राहिलं होतं! का पुसलंत? का पुसलंत, बाबा? तुम्ही फार दुष्ट आहात, बाबा!"

पास्को भिंतीला घसरत खाली बसला, पाठीला सगळा ओला चुना. ती त्याच्याबरोबर खाली बसली आणि मारतच राहिली. मी तिला ओढायला पुढे झाले तर लव्हडेने माझा दंड धरला. माझा दंड कुणी असा धरत नाही. "राहू दे," ती म्हणाली. "मारू दे तिला."

पास्कोला श्वास पुरत नव्हता, तरी त्याने माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस का, केझी?"

"ऐकलं. सगळ्या पोर्थमेलने ऐकलं."

मारून मारून पोर दमली. मग तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं. खरं सांगते, इतक्या महिन्यांत तिने त्या माणसाचं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं. "डोळ्यात चुना जाईल तुमच्या," ती रागाने म्हणाली आणि फ्रॉकच्या टोकाने त्याची भुवई आणि गाल खसाखसा पुसला. पुसतापुसता थांबली. "हा निळा डाग कसला आहे?"

"सुरुंगाची दारू उडाली होती. आत राहिलीय."

"दुखतं?"

"आता नाही."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने स्टूल आणलं आणि भिंतीकडे पाठ करून, खुर्चीच्या समोर मांडलं. "हं. आता सांगा," म्हणाली. अजून फुगलेलीच होती. "बूच मारलं, मग पुढे काय झालं?"

तिथून पुढे तिने त्याला जो काही धारेवर धरला! पाहुण्यांशी कसं गोड बोलायची ही पोर. बाप झाल्यावर सगळं गोड संपलं. "बाबा, टोपी घाला. बाबा, सूप ठेवायचं नाही. बाबा, तुम्ही हे काल सांगितलंत." लव्हडे म्हणायची, "अगदी तुझ्यासारखी बोलते ती, केझी." मला राग आला नाही. आणि पास्को? तो त्या प्रत्येक बोलण्याला अशी मान तुकवायचा, जसा राजाचा हुकूमच ऐकतोय. सांगण्यासारखं संपलं की दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसायचे. चूल तडतडायची, बाहेर समुद्र. मी विणकाम घेऊन कोपऱ्यात बसायचे आणि एकही टाका पडायचा नाही.

तो गवत कापणीच्या दिवसांत गेला, सकाळी, खुर्चीतच. एम्ब्लिन त्याच्यासाठी अंडं उकडत होती. त्याला खाणीतल्या जुन्या सोबत्यांनी हातांवर धरून, वाटभर गात, चॅपलपर्यंत नेलं. जे चालू शकत नव्हते तेही कुंपणाशी उभे राहून गात होते. आमच्याकडे माणसाला मुक्याने पोचवत नाहीत.

परत आल्यावर घर माणसांनी भरलं. चहा, केशराचे बन, कुजबूज. दाराशी उभ्या असलेल्या एका शेजारणीने दुसरीला हळूच म्हटलं, "बिचारी एवढीशी आहे. बापाचा चेहरा तरी कुठला लक्षात राहायला तिच्या! एक फोटोसुद्धा नाही."

एम्ब्लिनने हातातला बन बशीत ठेवला.

"डाव्या गालावर निळा डाग आहे, वाटाण्याएवढा," ती म्हणाली. मोठ्याने, शाळेत उभं राहून बोलतात तशी. "सुरुंगाच्या दारूचा. उजवा कान वरून दुमडलेला आहे. भुवया पांढऱ्या आहेत पण केस नाहीत. हसायला लागले की आधी नाक हसतं. चहा पिताना डोळे मिटतात. खालचा एक दात अर्धा आहे. मी ओरडले की टोपी मुद्दाम उलटी घालतात. खोटं बोलायला लागले तर कान लाल होतात, म्हणून बोलत नाहीत. आणखी सांगू?"

शेजारणीने चेहरा रुमालात लपवला. आणि लव्हडे, जिच्या वाट्याला लग्नानंतर एक वर्ष आणि शेवटी हे थोडे महिने एवढाच नवरा आला होता, ती लोकांमधून वाट काढत आली, पोरीसमोर जमिनीवर बसली आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "सांग. मला सांग."